तुंबाड

तुंबाड : लोभ आणि शाप यांवर आधारलेला, राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी गूढ-भयपट (२०१८). नारायण धारप यांच्या भयकथांचा (पहा : धारप, नारायण) कथेवर प्रभाव असून शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून सुचलेले आहे. कादंबरीच्या कथानकाशी मात्र चित्रपटाचा संबंध नाही. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, परंतु मोठा भाग पुन्हा लिहून नव्याने चित्रित करण्यात आला.

कथानक १९१८ ते १९४७ या काळात कोकण आणि पुण्यात घडते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर याला सोने मिळाले, पण धान्याला तो मुकला, अशी यातील कल्पित पुराणकथा आहे. म्हणूनच विनायक (सोहम शाह) पिठाच्या रिंगणात उभा राहून कणकेची बाहुली पुढे करतो आणि हस्तर ती खाण्यात गुंतलेला असताना त्याच्या लंगोटातील सुवर्णमुद्रा ओढून घेतो. पडका वाडा, अखंड पाऊस आणि कुजत जाऊनही न मरणारी म्हातारी ही गॉथिक शैलीची, म्हणजे जीर्ण वास्तू व वंशपरंपरागत पापातून भय निर्माण करणाऱ्या शैलीची (पहा : भयकथा) लक्षणे येथे पूर्णतः मराठी मातीतली आहेत. छायालेखन पंकज कुमार यांचे आहे.

व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. पहिल्या प्रदर्शनात मर्यादित प्रतिसाद मिळाला, तरी निष्ठावान प्रेक्षकवर्ग वाढत गेला आणि सप्टेंबर २०२४ मधील पुनर्प्रदर्शनाची तिकीटविक्री मूळ प्रदर्शनाहून अधिक झाली.