निळ्यांकडून

ऑगस्ट १९५४. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, कॅट्सकिलच्या डोंगरांत तळ्याकाठी वसलेलं मुलांचं शिबिर. तुम्ही अकरा वर्षांचे आहात, घर ब्रुकलिनला. आठ आठवड्यांच्या मुक्कामातले सात संपलेत.

आईवडिलांनी तुम्हाला इथे धाडलं ते केवळ मोकळ्या हवेच्या हौसेपायी नाही. उन्हाळा लागला की शहराला पोलिओची धडकी भरते. १९५२ साली देशभर जवळपास ५८ हजार जणांना त्याने गाठलं. साल्क यांच्या लसीची चाचणी यंदा सुरू झाली आहे. तिच्यात भाग घेतलेला शेजारच्या बंकमधला (बंक म्हणजे मुलांची झोपायची खोली) आठ वर्षांचा पोरगा 'पोलिओ पायोनियर'चा बिल्ला शर्टावरून उतरवायला तयार नाही. आणि हेच शिबिर का, तर बरीच शिबिरं ज्यू मुलांना दारात उभं करत नाहीत, म्हणून ज्यूंनी आपली काढली. नाव मात्र इथल्या मूलनिवासींच्या भाषेतून उचलल्यासारखं. असो.

आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे: ब्रेकआउट कधी? कलर वॉर, म्हणजे सगळ्या शिबिराचे दोन रंगांचे संघ पाडून होणारी चढाओढ, होणार हे ठाऊक, पण ती कुठल्या क्षणी फुटेल हे फक्त मुलं सांभाळणाऱ्या काउन्सेलरांना माहीत, आणि ते पक्के बिलंदर. परवा मध्यरात्री आगीची घंटा बडवून सगळ्यांना मैदानात गोळा केलं, आणि 'सराव होता, झोपा' म्हणून परत पिटाळलं.

आज पोहण्याच्या तासाला तळ्यावरून एक छोटं विमान फारच खाली येतं. दारातून कागदांचा लोट सुटतो. ओल्या चड्डीनिशी, अनवाणी, तुम्ही गवतातून धावत सुटता. एका कागदावर निळ्यांची यादी, दुसऱ्यावर पांढऱ्यांची. तुमचं नाव निळ्यांत. तुमच्या वरच्या खाटेवरच्या दोस्ताचं पांढऱ्यांत. काल रात्रीच त्याच्या आईने पाठवलेलं सलामी सॉसेज तुम्ही दोघांनी टॉर्चच्या उजेडात संपवलं होतं. तो तुमच्याकडे बघतो, खांदे उडवतो आणि पांढऱ्यांच्या घोळक्याकडे पळतो.

आपल्या शाळांतल्या लाल-निळ्या हाउसचा हिशेब इथे लावू नका. ते हाउस वर्षानुवर्षं चिकटतं आणि क्रीडादिनापुरतं आठवतं. हे पाचच दिवसांचं, पण उठल्यापासून निजेपर्यंत. खाट नीट लावली का, त्याचेही गुण. जेवताना गप्प बसायचं फर्मान निघतं, आणि मीठ मागायला तोंड उघडलं तर गुण कापले जातात. विशीतला तुमचा काउन्सेलर आता 'जनरल' आहे आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलाय.

चौथ्या संध्याकाळी रोप बर्न. खांबांच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीत दोन दोर आडवे ताणलेले. लाकडं खालच्या दोरापर्यंतच रचायची, आग मात्र वरच्या दोराला भिडली पाहिजे. तुमचं काम काटक्यांचं. भूर्जाची साल तुम्ही दुपारीच सोलून, सुकवून ठेवली आहे. ती चर्रकन पेटते, काळा धूर डोळ्यांत जातो, ओलसर फांद्या नुसत्या फुसफुसतात. 'मधे पोकळी ठेवा, हवा जाऊ द्या!' जनरलचा फाटका आवाज. ज्वाळा चढते, दोराचे पीळ एकेक करून तुटायला लागतात. तेवढ्यात पलीकडून आरोळी उठते. पांढऱ्यांचा दोर आधी तुटला. तुमचा तुटतो, पण कुणी बघत नाही.

याच उन्हाळ्यात ओक्लाहोमात मुझफर शेरीफ नावाचे प्राध्यापक, मुलांचे गट कसे भिडतात हे पाहायच्या प्रयोगासाठी, शिबिराचे रखवालदार बनून वावरले. दोन गटांत वाटलेल्या २२ मुलांनी त्यांच्या डोळ्यांदेखत एकमेकांचे झेंडे जाळले. हा प्रयोग गाजणार. गेल्या वर्षीचा मात्र फसला होता, आणि तोही याच न्यूयॉर्क राज्यात, मिडल ग्रोव्हला. तिथे मुलांची आधी दोस्ती होऊ दिली, मग त्यांना फोडलं. पोरं काही केल्या भिडेनात. मग इथे सात आठवड्यांचे दोस्त इतक्या सहज कसे भिडतात? मला विचाराल तर, मिडल ग्रोव्हच्या पोरांना कुणीतरी गुपचूप भांडायला लावत होतं. इथे भांडणाची तारीख, नियम आणि शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक आहे.

शेवटची रात्र, 'सिंग'. दोन्ही संघ भोजनगृहात समोरासमोर. चाली नाटक-सिनेमातल्या उसन्या, शब्द गेल्या चार रात्री जागून रचलेले. आधी जोशाची गाणी, मग शिबिराच्या आठवणींचं संथ गाणं, आणि तिथे जनरलसाहेबच हुंदके द्यायला लागतात. सगळ्यात जास्त गुण याचेच. मैदानावर पिछाडलेला संघ इथे बाजी मारू शकतो. निकाल लागतो: पांढरे, तेही थोडक्यात. क्षणभर तुम्हाला कुणाचं तोंड बघवत नाही. मग वरच्या खाटेवरचा तो येऊन खांद्यावर हात टाकतो, आणि निळे-पांढरे सगळेच एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात.

बंकमध्ये दिवे मालवेपर्यंत बेसबॉलवरून नवी फळी पडलेली असते. तुम्ही ब्रुकलिनचे, म्हणजे डॉजर्सचे. तो जायंट्सचा, आणि जायंट्स यंदा पुढे आहेत. लष्करातून परतलेला विली मेज भारी की ड्यूक स्नायडर? ब्राँक्सचा एक पोरगा मधेच मिकी मँटलला घुसवतो, त्याला दोघेही मिळून उशा फेकून मारता. काउन्सेलर बसक्या आवाजात गप्प बसा म्हणतो. आता गुण कापायची सोय उरलेली नाही, त्यामुळे त्याचं कुणी ऐकत नाही.