पुंजित हॉल परिणाम

अतिशय कमी तापमान व प्रबल चुंबकीय क्षेत्र यांत ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या द्विमितीय थराचा हॉल रोध सलगपणे न बदलता टप्प्याटप्प्यांनी बदलतो. या आविष्कारास पुंजित हॉल परिणाम म्हणतात. आकार ताणला वा वाकवला तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांचा अभ्यास करणारे संस्थितिविज्ञान घन पदार्थांच्या भौतिकीत रुजले, ते मुख्यत्वे याच्या स्पष्टीकरणातून.

चुंबकीय बल संवाहकावर कार्य करते, त्यातील प्रवाहावर नव्हे, हे मॅक्सवेल यांचे विधान एडविन हर्बर्ट हॉल यांना पटले नव्हते. १८७९ मध्ये बॉल्टिमोर येथे सोन्याच्या पातळ वर्खात त्यांना प्रवाहाच्या काटकोनात विद्युत् दाब आढळला. नेहमीच्या संवाहकांत हा दाब क्षेत्राच्या सम प्रमाणात वाढतो.

फेब्रुवारी १९८० मध्ये फ्रान्समधील ग्रनॉबल येथे क्लाउस फोन क्लिट्सिंग यांनी सिलिकॉन ट्रँझिस्टरातील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत नेली, तेव्हा हॉल रोधात सपाट टप्पे दिसले. टप्प्यावरील रोध म्हणजे २५,८१२.८ ओहम भागिले एक पूर्णांक. ही राशी प्लांक स्थिरांकास इलेक्ट्रॉनाच्या विद्युत् भाराच्या वर्गाने भागून मिळते. नमुन्याची लांबी-रुंदी वा त्यातील अशुद्धी यांचा तिच्यात मागमूस नसतो. अशुद्ध नमुन्यातून इतकी नेमकी संख्या कशी यावी, हेच खरे कोडे होते.

१९८२ मध्ये सिएटल येथे डेव्हिड थाउलेस व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखविले की, हा पूर्णांक इलेक्ट्रॉनांच्या तरंग फलनांच्या एकूण वळणाची मोजणी आहे. चेंडूस पोचा आला तर तेथील वक्रता बदलते. संपूर्ण पृष्ठावरील वक्रतेची बेरीज मात्र बदलत नाही, कारण ती पृष्ठास किती भोके आहेत यावरच ठरते. पूर्णांक थोडाथोडा ढळू शकत नाही. गणितज्ञांना ही संख्या नवी नव्हती : शिंग-शेन चर्न यांनी १९४० नंतरच्या दशकात ती मांडली होती व बॅरी सायमन यांनी १९८३ मध्ये हा संबंध उघड केला. तथापि १९८२ चे गणित निर्दोष स्फटिकापुरतेच होते, म्हणजे मूळ कोडे सुटले असे म्हणता येत नव्हते. अशुद्ध नमुन्यांना ते १९८५ मध्ये लागू करण्यात आले. शिवाय अशुद्धी येथे केवळ अडथळा नसतात. काही इलेक्ट्रॉन त्यांच्याभोवती जखडले जातात, म्हणूनच टप्प्यांना रुंदी येते.

डंकन हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये एकूण चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही असा परिणाम शक्य असल्याचे सैद्धांतिक रीत्या दाखविले. २०१३ मध्ये बीजिंग येथील प्रयोगांत क्षेत्राविना पुंजित परिणाम आढळला. फोन क्लिट्सिंग यांना १९८५ चे, तर थाउलेस, हॉल्डेन व कॉस्टरलिट्झ यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० पासून रोधाचे प्रमाण या परिणामावर आधारण्यात आले. २० मे २०१९ पासून प्लांक स्थिरांक व इलेक्ट्रॉनाचा भार यांची मूल्ये व्याख्येनेच निश्चित झाल्याने वरील राशीही अचूक ठरली आहे.