तिला कुणी विचारलं का?
अमोल पालेकर : नट ते दिग्दर्शक

‘गोलमाल’ टीव्हीवर लागला की आपण हातातलं काम बाजूला ठेवून बसतो. मिशीवाला रामप्रसाद आणि बिनमिशीचा लक्ष्मणप्रसाद आठवून आजही हसू येतं. १९७९ सालचा हा सिनेमा. त्यातले नट अमोल पालेकर पुढे दिग्दर्शक झाले. आज आम्ही त्यांच्या कामाची गोष्ट सांगणार आहोत, कारण त्यांच्या अनेक सिनेमांत आपल्या कामाचा एक प्रश्न सापडतो : बाईच्या आयुष्याचा निर्णय झाला, पण तिला कुणी विचारलं का?

पालेकरांचा जन्म १९४४चा, मुंबईचा. शिकले ते चित्रकला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. बँकेत नोकरी केली आणि सत्यदेव दुबे यांच्याबरोबर नाटकं केली. १९७२ साली त्यांनी ‘अनिकेत’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. त्याआधी, १९७१ साली, दुबे यांनी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर मराठी सिनेमा केला. त्यात पालेकर होते. खेळ खेळ म्हणत भोवतीची माणसं एका अविवाहित शिक्षिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात, अशी ती गोष्ट. तिच्या चारित्र्याचा पंचनामा सगळे करतात, तिचं म्हणणं मात्र कुणालाच ऐकायचं नसतं.

१९७४ साली बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ आला आणि पालेकर हिंदीत घरोघरी पोचले. ही गोष्ट मन्नू भंडारी या लेखिकेची. दोन पुरुषांपैकी कुणाबरोबर आयुष्य काढायचं, हे त्यातली दीपा स्वतःच्या मनाला विचारून ठरवते. त्या काळात पडद्यावर मारामारी करणारे नायक गाजत होते. पालेकर मात्र बसची वाट बघणारा, पगार मोजून खर्च करणारा माणूस झाले. ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’ यांत तो माणूस भोळा, गोड आहे.

पण साधा दिसणारा माणूस घरात न्यायानंच वागेल असं नाही, हेही त्यांनी दाखवलं. १९७७च्या ‘घरौंदा’त दोघं मुंबईत घरासाठी पै-पै जमवतात आणि फसवले जातात. तेव्हा तो तिला म्हणतो, म्हाताऱ्या, आजारी मालकाशी लग्न कर, नंतर पैसा आपलाच. तिचं आयुष्य त्यानं हिशेबाच्या वहीत मांडलं. पुढे ती नवऱ्याजवळच राहायचं ठरवते. तो निर्णय तिचा असतो.

त्याच वर्षी श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ आला. मराठी नटी हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून तो सुचलेला. स्मिता पाटील नायिका, पालेकर तिचे पती. बायकोनं काम करावं, तिच्या कमाईवर घर चालावं, आणि तिच्यावर संशयही त्यानंच घ्यावा, असा हा नवरा. मैत्रिणींनो, कर्ज आपल्या नावावर, हप्त्याची काळजी आपल्याला आणि पैसा खर्च करणारा हात दुसऱ्याचा, हे आपल्या गटांना सांगायला हवं का?

नाव झालेलं असताना पालेकरांनी दिग्दर्शन हाती घेतलं. पहिला सिनेमा मराठी, ‘आक्रीत’, १९८१चा. परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथल्या खुनांच्या प्रकरणावर तो आधारलेला. अंधश्रद्धेपायी मुलीबाळींचे बळी जातात, ही त्याची कथा. लोकांना आवडलेला गोड चेहरा बाजूला ठेवून त्यांनी त्यात काळी भूमिका स्वतः केली. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आला तो २०१३ साली, म्हणजे या सिनेमानंतर बत्तीस वर्षांनी.

१९८७ साली त्यांनी दूरदर्शनसाठी ‘कच्ची धूप’ ही मालिका केली. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या कादंबरीवरून घेतलेली, आई आणि तिच्या वाढत्या मुलींची गोष्ट. पुढे जी. ए. कुलकर्णींच्या कथेवर ‘कैरी’ केला. पोरकी मुलगी मावशीकडे येते. मावशी शिक्षिका, पोरीनं शिकावं म्हणून झटणारी, पण स्वतःच्या घरात दबलेली.

आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो २००१चा ‘ध्यासपर्व’. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांच्यावरचा. हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यांतल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पत्नी मालतीबाईंनी साथ दिली. किशोर कदम आणि सीमा बिस्वास यांनी या दोघांची कामं केली आहेत. किती मुलं, कधी, हे बाईनं ठरवावं, असं कर्वे शंभर वर्षांपूर्वी सांगत होते. आज साधनं आली, पण भार कुणावर? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची एक टक्काही नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, तरी ऑपरेशनला जाते ती बाईच.

नंतरचे दोन सिनेमेही याच वाटेनं जातात. ‘अनाहत’मध्ये राजाला मूल होत नाही, म्हणून राणीनं एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडावा असं दरबार ठरवतो. राज्याला वारस हवा, एवढाच त्यांचा विचार. त्या रात्रीनंतर राणी स्वतः बोलू लागते, तेव्हा सगळ्यांची पंचाईत होते. शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांचा ‘पहेली’ २००५चा. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरचा. नवरा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पाच वर्षांसाठी व्यापाराला निघतो. त्याचं रूप घेऊन भूत येतं, पण ते तिला खरं सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोपवतं. लग्नाच्या नवऱ्यानं न विचारलेलं एका भुतानं विचारलं!

यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात पुस्तकांत होत्या. पालेकरांनी त्या निवडल्या आणि पडद्यावर आणल्या, हे त्यांचं काम. निवड करण्याचं हेच काम आपल्यालाही रोज असतं. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत वसुली आणि नोंदी झाल्या की एक फेरी घ्या. कर्ज कशासाठी घ्यायचं, मुलीचं लग्न कधी, ऑपरेशन कुणी करायचं, हे गेल्या वर्षी आपापल्या घरात ठरलं तेव्हा आपल्याला विचारलं होतं का, ते प्रत्येकीनं सांगायचं. आणि आपण आपल्या सुनेला, लेकीला विचारलं का, तेही.