संशय आणि पुरावा

"तूं कोण, कोठला?" हें विचारण्याचा अधिकार राजसत्तेस असतोच. परका माणूस देशांत चोरून राहात असेल, तर त्यास शोधणें हें पोलिसांचें कामच आहे. वाद आहे तो त्याच्या उत्तराचा निर्णय कोणीं व कशावरून करावा, याविषयीं.

वऱ्हाडास हा वाद नवा नाहीं. १८९७ सालीं अमरावतीस शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभा भरली. त्याच वर्षीं पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनान्वयें, खटला न भरतां, अटकेंत टाकलें होतें. अमरावतीच्या मंडपांत या जुलुमाचा निषेध झाला.

स्वराज्य आलें तरी प्रश्न उरलाच. फाळणीनंतर पाकिस्तानांतून येणारास परवाना लागूं लागला. १९४९ च्या कायद्यानें तर, परवान्यावांचून आल्याचा वाजवी संशय असला तरी माणसास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारास दिला. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, भारतीय नागरिकास आपली बाजू मांडूं न देतां, केवळ संशयावरून, असें घालवितां येणार नाहीं. नागरिकांपुरतें तें कलम रद्द झालें.

हाच प्रश्न पुन्हां आपल्या दारीं आला आहे. उशिरां झालेल्या जन्मनोंदींच्या चौकशीसाठीं महाराष्ट्र शासनानें २०२५ च्या जानेवारींत विशेष तपास पथक नेमलें. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील नोंदींविषयींही तक्रारी झाल्या. खोटा दाखला मिळविणारास शिक्षा व्हावी, यांत दुमत नाहीं. परंतु मागील पिढीचे जन्म बहुधा घरींच होत. कोतवाल-बुकांत नोंद झाली तर झाली. मुलास शाळेंत घालतांना बापास तारीख सांगतां येत नसे; मग गुरुजी १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे होत. परका नसल्याचें सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्यानें ज्याच्या त्याच्यावरच टाकला होता, आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेंही तो तसाच ठेविला आहे. मग अशा वृद्धानें कोणता कागद दाखवावा?

म्हणूनच घटनेचें २१ वें कलम ध्यानांत ठेवावें. जीविताचें व व्यक्तिस्वातंत्र्याचें तें रक्षण नागरिकापुरतें नसून प्रत्येक व्यक्तीस आहे. कारण कळणें, वकील मिळणें, बाजू ऐकली जाणें, या गोष्टी नातू बंधूंना लाभल्या नाहींत. आज त्या कोणाच्याही वांट्यास येतात कीं नाहीं, हें पाहणें आपणां सुशिक्षितांचें काम आहे. संशयावरून चौकशी खुशाल व्हावी; निकाल मात्र पुराव्यावरच लागला पाहिजे.