संदर्भाचे आयुष्य : बतावणी, वगनाट्य आणि कार्टून मालिकेतील विडंबन

१

विडंबनाविषयीची मराठी चर्चा बहुधा दोन टोकांमध्ये फिरत राहिली आहे. एका टोकाला मूळ कृती आणि दुसऱ्या टोकाला तिची हेतुतः वाकडी केलेली अनुकृती. विडंबनकाराने मूळ कृतीतील कोणती लकब उचलली, त्याचा हेतू खेळकर की मर्मभेदक, विडंबनाला स्वतंत्र वाङ्मयीन मूल्य असते की नाही, हे प्रश्न वारंवार विचारले गेले. त्या मानाने एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. विडंबन एका दिवशी रचले जाते आणि त्यावरचे हसू दुसऱ्या एखाद्या दिवशी उमटते. या दोन दिवसांच्या दरम्यान मूळ संदर्भ वाचकाच्या अथवा प्रेक्षकाच्या स्मरणात जिवंत राहावा लागतो. हे अंतर किती असावे, हे विडंबनकाराच्या प्रतिभेपेक्षा त्याच्या माध्यमावर अधिक अवलंबून असते, आणि हसण्यासाठी कोणता संदर्भ निवडता येईल हेही पुष्कळदा तेच अंतर ठरवते.

मुद्रित काव्याचे उदाहरण परिचित आहे. प्र. के. अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ हा संग्रह केशवकुमार या नावाने १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विडंबनांचे एक मुख्य लक्ष्य असलेले रविकिरण मंडळ १९२३ साली स्थापन झाले होते. म्हणजे त्या वेळच्या वाचकाच्या हाती मूळ आणि विडंबन ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी होती. आजच्या वाचकाच्या बाबतीत क्रम उलटला आहे. तो विडंबन आधी वाचतो आणि मूळ कवितेकडे वळलाच तर नंतर वळतो. ज्या काव्यरीतीची टर उडवली, तिची आठवण राखण्याचे काम विडंबनाकडे आले. मुद्रित विडंबन टिकते, परंतु त्याचा संदर्भ त्याच्या आधी म्हातारा होतो.

२

प्रयोगसिद्ध कलांमध्ये हे गणित वेगळे आहे. शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे त्यासाठी सोयीचे निरीक्षणस्थान ठरते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगड किल्ला पाडला आणि विशाळगड जहागिरीचे ठाणे मलकापुरास आले. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाट उतरण्यापूर्वीचे हे बाजाराचे गाव. त्याच्या मागे देशावरच्या तमाशाचा प्रदेश पसरलेला आहे, घाटाखाली नमन-खेळ्यांचा आणि आणखी दक्षिणेस दशावताराचा. या लोकनाट्यांच्या चाली, वेष आणि बोली भिन्न असल्या तरी त्यांच्या रचनेत एक समान सूत्र आढळते. सर्वांना ठाऊक असलेली पुराणकथा चौकट म्हणून घ्यावयाची आणि त्या चौकटीत आजचा दिवस बसवावयाचा.

तमाशातील गवळण हा भाग पाहावा. कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात आणि दाण मागतात. गवळणींच्या वतीने मावशी हुज्जत घालते. या प्रसंगाची ओळख करून देण्याची गरज कोणत्याही प्रेक्षकासमोर पडत नाही, आणि म्हणूनच त्यात काहीही घालता येते. वाट अडवून दाण मागणारा कृष्ण जकातनाक्यावरच्या कारकुनासारखा बोलू लागला की पुराण आणि वर्तमान एकमेकांवर आदळतात. दशावतारातील संकासुरही वेद पळवणारा दैत्य असून गावच्या बोलीत उलटसुलट उत्तरे देतो. येथे विडंबनाला दोन संदर्भ असतात. पहिला शतकानुशतके टिकणारा, दुसरा आठवडाभरात शिळा होणारा. पहिल्याच्या आधाराने दुसरा उभा राहतो.

बतावणीत हा दुसरा संदर्भ मोकळा सुटतो. सरदार आणि सोंगाड्या यांच्या या विनोदी सवालजवाबांना बांधीव लेखी संहिता नसते. काल रंगलेला संदर्भ आज पडला तर सोंगाड्या तो टाकून देतो, पुढच्या गावी त्या गावचे नाव आणि त्या गावची भानगड घेतो. रचना आणि हसू यांतील अंतर जवळजवळ शून्यावर येते, त्यामुळे बतावणीतील संदर्भ कधी म्हातारा होत नाही. मात्र त्याची किंमत इतिहासाला मोजावी लागते. जे लिहिलेच गेले नाही ते पुढच्या पिढीला वाचता येत नाही.

ही अडचण वगनाट्याच्या काळात अधिक स्पष्ट झाली. वसंत सबनीस यांच्या ‘छपरी पलंगाचा वग’ या रचनेतून उभे राहिलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके यांच्या भूमिकेने गाजले. मूर्ख राजा, लबाड कोतवाल, हवालदार आणि मैनावती हे त्याचे मुद्रित शरीर. चालू राजकारणावरचे जे शेरे कोंडके प्रयोगागणिक बदलत असत, ते त्या शरीरात नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांनी ‘गल्ली ते दिल्ली’, ‘लवंगी मिरची कोल्हापूरची’ यांसारखी वगनाट्ये लिहिली. त्यांची छापील संहिता हाती घेणाऱ्यालाही ती संहिता म्हणजे सबंध प्रयोग आहे असे समजून चालता येत नाही. वगनाट्याला उथळ ठरवणारा अभिप्राय पुष्कळदा मोकळ्या जागांचे मोजमाप करूनच दिला जातो. त्या जागा प्रयोगात कशाने भरल्या जात होत्या, हे विचारल्याशिवाय तो अभिप्राय पुरा होत नाही.

गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाने १९८० साली तिसरा मार्ग दाखवला. यात टिंगल महाभारताची नाही. महाभारतातील प्रसंग उभा करू पाहणाऱ्या गावकऱ्यांच्या धांदलीची ती आहे. गावात नाटक बसवताना होणारी रुसवेफुगवी आणि फजिती ही कोणत्याही एका वर्षाची नसते. संदर्भ एखादी घटना न राहता अनुभवाचा नमुना झाला, आणि मच्छिंद्र कांबळी यांनी या नाटकाचे हजारो प्रयोग केले तरी तो झिजला नाही.

३

ॲनिमेशनपटाचे तंत्र या सर्वांच्या विरुद्ध टोकाला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला, तेव्हापासून या कलेची मूळ अट कायम आहे. पडद्यावर क्षणात संपणारी हालचाल चौकटी-चौकटीने घडवावी लागते. ऐन वेळी शेरा मारण्याची मुभा येथे नाही.

अमेरिकन दूरचित्रवाणीवर डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘द सिम्पसन्स’ या मालिकेत या अटीचा परिणाम स्वच्छ दिसतो. लेखन अमेरिकेत, रेखाटनाचा मोठा भाग दक्षिण कोरियात, अशा व्यवस्थेत एक भाग पुरा व्हायला कित्येक महिने लागत. आठवड्याच्या बातमीवर विसंबणे शक्य नव्हते. म्हणून मालिकेने समाजाच्या स्मरणात मुरलेले संदर्भ उचलले. १९९० मधील एका भागात एडगर ॲलन पो यांची ‘द रेव्हन’ ही कविता आली. १९९३ मध्ये एका भागाने ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटाचे, तर दुसऱ्याने ‘केप फिअर’ या १९६२ च्या व १९९१ मध्ये पुन्हा निघालेल्या चित्रपटाचे विडंबन केले. मूळ चित्रपट न पाहिलेले मूल पात्राच्या धडपडण्याला हसते आणि मूळ ओळखणारा प्रौढ त्या धडपडीमागच्या चित्रपटाला. पात्रे स्वतः जी मांजर-उंदराची मालिका पाहतात, ती ‘टॉम अँड जेरी’च्या धाटणीचे विडंबन आहे. दीर्घायुषी संदर्भाच्या चौकटीत हसू उभारण्याची ही रीत गवळणीच्या रीतीहून फार दूरची नाही. अमेरिकन प्रेक्षकाचे सामाईक पुराण चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनी घडवले होते, एवढाच फरक.

१९९७ साली सुरू झालेल्या ‘साऊथ पार्क’ने संगणकाच्या साह्याने हेच अंतर सुमारे सहा दिवसांवर आणले. ४ नोव्हेंबर २००८ रोजी बराक ओबामा निवडून आले आणि दुसऱ्याच दिवशी त्या निवडणुकीवरचा भाग प्रक्षेपित झाला. अर्थात निकाल गृहीत धरून बरीच तयारी आधी झालेली होती. तरीही एकाच कलाप्रकारात वगाची आणि बतावणीची अशी दोन भिन्न कालमाने निर्माण झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

४

भारतीय दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिकांकडे वळले की आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. ‘लोटपोट’ या हिंदी बालनियतकालिकातील पात्रांवर आधारलेली आणि सुहास कडव यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोटू पतलू’ ही मालिका २०१२ साली सुरू झाली. तिच्यातील इन्स्पेक्टर चिंगम या पात्राचे नाव ऐकताच २०११ चा ‘सिंघम’ आठवतो. त्या हिंदी चित्रपटाचा नायक बाजीराव सिंघम हा मराठी पोलीस अधिकारी, परंतु चित्रपट २०१० च्या ‘सिंगम’ या तमिळ चित्रपटावरून घेतलेला. चिंगमची हिंदी मात्र दाक्षिणात्य वळणाची आहे, आणि त्याच्या ऐटीत रजनीकांतच्या लकबी डोकावतात. नाव मराठी नायकाकडून आले आणि उच्चार त्याला ओलांडून दक्षिणेकडे परत गेला. मालिकेतला जॉन हा गुंड यमके जुळवीत हिंदी चित्रपटातला डॉन होऊ पाहतो. संदर्भांची ही साखळी बारीक आहे, पण ज्या बालप्रेक्षकासाठी मालिका आहे त्याला तिची एकही कडी दिसत नाही. त्याच्या लेखी चिंगम हाच मूळ पुरुष. २०१८ मध्ये सिंघमवरच ‘लिटल सिंघम’ ही कार्टून मालिका निघाली, तेव्हा विडंबन आधी आणि मूळ नंतर असा क्रम अनेक मुलांच्या वाट्याला आला असणार.

‘झेंडूची फुले’च्या आजच्या वाचकाची स्थितीही तशीच आहे, असे म्हणता येईल. परंतु एक भेद महत्त्वाचा आहे. मूळ कृती विस्मृतीत गेली तरी अत्र्यांच्या विडंबनात एका काव्यरीतीवरची टीका शिल्लक राहते. चिंगममधून मूळ संदर्भ काढून घेतला की उरतो तो केवळ उच्चार, आणि हसू त्या उच्चारावरच येऊन थांबते. एका प्रदेशाच्या बोलण्याची ढब हाच विनोदाचा विषय होतो. सोंगाड्याची बोली प्रेक्षकाची स्वतःची होती. ‘वस्त्रहरण’मधील मालवणी ही ज्यांची फजिती दाखवली त्यांचीच भाषा होती. तेथे समाज स्वतःला हसत होता. मूळ हरवलेल्या विडंबनात तो नकळत दुसऱ्याला हसायला शिकतो. संदर्भाचे आयुष्य हा प्रश्न येथे नैतिकही ठरतो.

मराठी दूरचित्रवाणीवर २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने वेगळेच टोक गाठले. प्रदर्शनाच्या तोंडावर असलेल्या चित्रपटांची मंडळी पाहुणी म्हणून समोर बसलेली आणि विडंबनाचे प्रवेश त्यांच्याच साक्षीने. नव्या चित्रपटाचेच विडंबन झाले तर मूळ कृती प्रेक्षकाने अजून पाहिलेलीही नसते. येथे संदर्भ स्मरणातून येण्याऐवजी भविष्यातून येतो, आणि विडंबनाला जाहिरातीचे काम करावे लागते. बतावणीतील सोंगाड्याची वंशावळ या कार्यक्रमातील नटांच्या हजरजबाबीपणात ओळखू येते. ज्याची टर उडवावयाची त्याच्या सोयीने हसण्याची अट मात्र त्या परंपरेतली नव्हे.

५

या कार्यक्रमांतील गावांची नावे एकत्र ठेवली तर एक गोष्ट उघड होते. स्प्रिंगफील्ड, फुरफुरीनगर, थुकरटवाडी. विडंबनाला नकाशावर न सापडणारे लहान गाव लागते. स्प्रिंगफील्ड हे नाव अमेरिकेत पुष्कळ गावांचे असल्याने प्रत्येकाला ते आपलेच वाटेल असा आपला विचार होता, असे मालिकेचे कर्ते मॅट ग्रोनिंग यांनी २०१२ मध्ये सांगितले होते. महाराष्ट्रातही मलकापूर म्हटल्यावर कोणते, असे विचारावे लागते. एक शाहूवाडी तालुक्यातले, एक कराडलगतचे, एक बुलढाणा जिल्ह्यातले. तथापि साम्य येथेच संपते. सर्वांचे असणारे कल्पित गाव सर्वांना ठाऊक असलेल्या संदर्भांवरच जगू शकते आणि असे संदर्भ आता प्रामुख्याने मोठ्या बाजारपेठेतील चित्रपट व मालिका पुरवतात. शाहूवाडीच्या मलकापुराचा बाजार आणि तिथली भानगड थुकरटवाडीत शिरू शकत नाही. बतावणीत ती शिरू शकत होती, कारण बतावणी त्या गावात, त्या गावाच्या तोंडावर होत असे.

दूरचित्रवाणीने विडंबन संपवले असा याचा अर्थ नाही. विडंबन वाढलेच आहे आणि प्रथमच त्याचे दृकश्राव्य दप्तरही निर्माण होत आहे. कोंडके यांचे जे शेरे हवेत विरले, तसे आजच्या नटांचे विरणार नाहीत. परंतु दप्तर राहिले म्हणून संदर्भ राहतोच असे नाही. पन्नास वर्षांनी चिंगमकडे पाहणाऱ्याला सिंघम, सिंगम आणि रजनीकांत ही साखळी कोणी सांगितली नाही, तर त्याच्या हाती केवळ एक विचित्र उच्चार उरेल. जुन्या पोथ्यांना टीपा लागतात हे आपल्या समीक्षेने मान्य केले आहे. वगनाट्याची छापील संहिता आणि कार्टून मालिकेचा भाग यांनाही त्या लागतात, आणि संदर्भ जाणणारे प्रेक्षक हयात आहेत तोवरच त्या लिहिता येतील.