अफ्तीमून, कसूस आणि आपली अमरवेल

नगर जिल्ह्यात दुभत्या जनावरांसाठी लसूणघास लावणाऱ्याला अमरवेलीची ओळख करून द्यावी लागत नाही. हिरव्या घासात पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसला की तेवढा तुकडा गेलाच. हीच जात युनानी औषधांच्या दुकानात पुडीत बांधून मिळते, नाव अफ्तीमून. तिचे बी म्हणजे तुख्मे कसूस. शरबत दीनारमध्ये पडते ते हेच. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दाच्या मागे लागण्याची सवय आहे. या शब्दाने मला बराच लांबचा प्रवास घडवला.

अफ्तीमून मूळचा ग्रीक. एपिथायमॉन, म्हणजे थाइमच्या झुडपावर वाढलेली. हे थाइम म्हणजे तिब्बच्या किताबांतला हाशा. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीसने तिची नोंद केली. अरबांनी नाव आपल्या जिभेवर बसवले, इब्न सीनाने (980–1037) तिला आपल्या कानूनमध्ये घेतले. काम एकच, अंगातला सौदा काढणे, म्हणजे उदासी आणि भ्रम यांवर उतारा. काढ्यात ती पुरचुंडीत बांधून शेवटी टाकायची, जास्त उकळू द्यायची नाही. हा इल्म फारसीतून दख्खनला आला. आपल्या नगरच्याच बुऱ्हाण निजामशाहच्या (1510–1553) दरबारी रुस्तम जुर्जानी नावाच्या इराणी हकीमाने 'जखीरा-ए-निजामशाही' हा वैद्यकग्रंथ लिहिला.

पण दख्खनच्या रानात थाइम कुठून येणार? इथे बोरीवर, बाभळीवर पसरणारी मोठी अमरवेल होती. तीच अफ्तीमून म्हणून चालू लागली. नाव टिकले, मात्र नावात दडलेला 'कशावर वाढली' हा प्रश्न गळून पडला.

आणि या वेलीच्या बाबतीत तोच तर मुख्य प्रश्न आहे. बी रुजते तेव्हा नुसता एक दोरा वर येतो, पाने नाहीत. शिदोरी थोड्या दिवसांची. तेवढ्यात आधार सापडला नाही तर मरण. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले की हा दोरा वासावरून झाड शोधतो, गहू आणि टोमॅटो यांत टोमॅटोकडे वळतो. एकदा विळखा पडला की शोषकमुळे खोडात घुसतात, खालचा देठ सुकतो आणि जमिनीशी नाते संपते. आकाशवल्ली, अकासबेल ही नावे त्यावरूनच. बांडगुळाचे तसे नाही. त्याची पाने हिरवी, अन्न ते स्वतः बनवते, झाडाकडून घेते ते पाणी आणि क्षार. भाषणांत ही शिवी कोणाला दिली जाते ते आपल्याला ठाऊक आहे. देणाऱ्याने निदान वनस्पतिशास्त्र तरी वाचावे.

भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांवर बागायत वाढली, पुढे दूधधंदा आला आणि त्याबरोबर घास. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आरएल-88 हा वाण इथल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. अमरवेल बहुधा बियाण्यातूनच येते, म्हणून प्रमाणित बियाण्याच्या नियमांत ती आक्षेपार्ह तण ठरते. तिचे कठीण बी मातीत दहा वर्षांहून अधिक तग धरते, गाईच्या पोटातूनही जिवंत निघून शेणखताबरोबर शेतात परतते. उपाय जुनाच: फुलण्याआधी घासासकट कापून जाळणे आणि पुढे ज्वारी, बाजरी किंवा गहू घेणे. धान्यपिकांवर तिचे जमत नाही. कांद्यावर मात्र चढते.

जिला आपण जाळतो तिची चीनमध्ये बियांसाठी सोयाबीनवर मुद्दाम लागवड होते. तिथे वेल कशावर वाढली हे माहीत असते. आपल्याकडचा माल रानातून, कुंपणावरून गोळा होतो. अमरवेल झाडाच्या रसाबरोबर त्याचे विषही ओढून घेते. कण्हेरीवर वाढली तर हृदयावर परिणाम करणारी कण्हेरीची द्रव्ये तिच्यात उतरतात. वाळल्यावर बोरीवरची कोणती आणि कण्हेरीवरची कोणती, हे डोळ्यांना ओळखू येत नाही. पुडीवर अफ्तीमून एवढेच लिहिलेले असते. वेल तोडतानाच पोत्यावर झाडाचे नाव लिहायला खर्च तो किती येणार?