डिझेल फोर-बाय-फोर वाहनांतील निष्कास व तेलशीतन फेरबदल

डिझेल फोर-बाय-फोर वाहनांतील निष्कास व तेलशीतन फेरबदल म्हणजे चारही चाकांना गती देणाऱ्या डिझेल वाहनाची मूळ धूरनळी व सायलेन्सर काढून अधिक व्यासाची प्रणाली बसवणे, तसेच इंजिन किंवा गिअरबॉक्समधील तेल थंड करण्यासाठी बाहेरून जादा ऑइल कूलर जोडणे. असे सुटे भाग वाहन कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर बसवले जात असल्याने त्यांना आफ्टरमार्केट भाग म्हणतात. महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने महिंद्रा थार, जुन्या महिंद्रा जीप आणि फोर्स गुरखा या वाहनांच्या संदर्भात चर्चिला जातो. या फेरबदलांचा लाभ सर्व वाहनांना सारखा होत नाही. जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनांत तो अल्प असतो. टर्बोयुक्त इंजिनात निष्कास प्रणालीचा परिणाम जाणवू शकतो, परंतु बीएस-६ वाहनांत कायदा आणि इंजिनाचे संगणकीय नियंत्रण यांमुळे त्याला फारसा वाव उरत नाही.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या मूळ जीपचे इंजिन पेट्रोलवर चालत असे. पुढे डिझेल जीप प्रचारात आल्या. त्यांपैकी एमएम ५४० या जीपमध्ये पूझो रचनेचे सुमारे २.१ लिटरचे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन होते. थार हे वाहन २०१० मध्ये टर्बोयुक्त कॉमन रेल इंजिनासह आले. त्याची पूर्णतः नवी आवृत्ती २०२० मध्ये बाजारात आली. तिच्यातील २.२ लिटरचे एमहॉक इंजिन सुमारे १३० अश्वशक्ती देते आणि तिची निर्मिती नाशिक येथे होते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये मर्सिडीज-बेंझ रचनेवर आधारित २.६ लिटरचे इंजिन आहे. या तीन पिढ्यांतील इंजिने इतकी भिन्न आहेत की एमएम ५४० वर आलेला अनुभव नव्या थारला लागू करता येत नाही. गॅरेजमधून मिळणाऱ्या सल्ल्यात मात्र हा घोळ वारंवार आढळतो.

निष्कास प्रणाली

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंना नळी, वळणे, सायलेन्सर व गाळण्या यांमुळे जो अडथळा होतो त्याला प्रतिदाब म्हणतात. समान प्रवाहासाठी सरळ नळीतील दाबघट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून व्यास थोडा वाढवला तरी अडथळा बराच कमी होतो. नळी वाकवताना चपटी झाल्यास मात्र वाढवलेल्या व्यासाचा उपयोग त्या ठिकाणी संपतो.

टर्बोचार्जरमध्ये टर्बाइनच्या आधीचा व नंतरचा दाब यांतील फरकावर टर्बाइन फिरते. नंतरचा दाब कमी झाला की टर्बो लवकर वेग घेतो आणि निष्कास वायूंचे तापमान काहीसे उतरते. ‘इंजिनाला थोडा प्रतिदाब हवाच असतो’ हा प्रचलित समज पेट्रोल इंजिनांतील वायूंच्या लहरींशी संबंधित निरीक्षणांतून आला आहे. टर्बाइननंतरच्या नळीत प्रतिदाब वाढवून डिझेल इंजिनाच्या शक्तीत भर पडत नाही.

एवढ्यावरून मोठी नळी बसवली की शक्ती वाढते, असा निष्कर्ष काढला जातो. डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः त्यात किती इंधन सोडले जाते यावर ठरते आणि कॉमन रेल इंजिनात ते प्रमाण नियंत्रण संगणक ठरवतो. टर्बोचा दाबही संगणकच ठरावीक पातळीवर राखतो. बदलत्या पात्यांच्या टर्बोमध्ये वायूंचा मार्ग मोकळा झाल्यास संगणक पाती अधिक उघडतो आणि दाब पूर्वीइतकाच ठेवतो. इंजिनाला वायू बाहेर ढकलण्यासाठी लागणारे श्रम किंचित कमी होतात, तेवढाच लाभ उरतो. संगणकीय नकाशा न बदलता केलेल्या अशा फेरबदलातून आवाज मात्र निश्चित वाढतो. चालकाला वाढलेला आवाज हीच वाढलेली शक्ती वाटण्याची शक्यता मोठी असते.

एमएम ५४० सारख्या इंजिनात टर्बाइनच नसते. तेथे गंजलेली, काजळीने चोंदलेली किंवा दगडावर आपटून चेपलेली नळी बदलल्यास फरक जाणवतो. परंतु हा फरक दुरुस्तीचा असतो. मूळ मापाची नवी नळीही तेच काम करते.

खडकाळ वाटांवर नळीचा मार्ग तिच्या व्यासापेक्षा महत्त्वाचा ठरतो. मोठ्या व्यासाची नळी चासीखाली लोंबत राहिल्यास जमिनीपासूनचे अंतर घटते. पाण्यातून जाताना इंजिन सुरू असेपर्यंत बाहेर पडणारे वायू पाण्याला आत येऊ देत नाहीत. नळीचे तोंड बुडालेले असताना इंजिन बंद पडल्यास पाणी आत शिरण्याचा धोका असतो. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता निर्मात्याने ६५० मिलिमीटर दिली आहे. नळीचे तोंड उंचावर नेल्याने ही मर्यादा वाढत नाही, कारण हवा आत घेण्याचा मार्ग आणि विद्युत भाग जुन्याच उंचीवर असतात.

तेलशीतन

वंगणाचे तेल घर्षण कमी करण्याबरोबर पिस्टन, बेअरिंग आणि टर्बोचा दांडा यांची उष्णताही वाहून नेते. बहुतेक आधुनिक डिझेल इंजिनांत तेलाच्या फिल्टरजवळ इंजिनाच्या शीतक द्रवावर चालणारा छोटा ऑइल कूलर मुळातच असतो. तो तेल थंड करतो आणि थंड इंजिन सुरू झाल्यावर तेल लवकर तापवतोही. हे दुसरे काम सहसा लक्षात घेतले जात नाही.

तेलाचे तापमान साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस असणे हितावह मानले जाते. तेल दीर्घकाळ १३० अंशांच्या वर राहिल्यास ते वेगाने बिघडते. ढोबळ नियमानुसार दर १० अंशांमागे ऑक्सिडीकरणाचा वेग दुप्पट होतो. तेल फार थंड राहिल्यास त्यात मिसळलेले पाणी आणि डिझेल बाष्प होऊन निघून जात नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट झडप नसलेला बाह्य कूलर कोकणच्या पावसाळ्यात अपाय करू शकतो.

जादा कूलरची गरज जोखण्यासाठी साधा हिशेब उपयोगी पडतो. माणसे व सामान धरून २ टन वजनाचे वाहन ३०० मीटर उंची चढण्यासाठी सुमारे ५९ लाख जूल कार्य करते. हा चढ १० मिनिटांत पार केल्यास त्यासाठी सरासरी १० किलोवॉट, म्हणजे १३-१४ अश्वशक्ती पुरते. रस्त्याचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळवला तरी १३० अश्वशक्तीच्या इंजिनावरील भार मर्यादितच राहतो. कळव्याहून खारेगावमार्गे कसारा घाट किंवा कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट गाठणाऱ्या सुस्थितीतील वाहनाला त्यामुळे जादा ऑइल कूलर लागत नाही. अशा चढावर वाहन तापत असेल तर रेडिएटरमधील चिखल, पंख्याचा निकामी क्लच, थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप आधी तपासावा लागतो.

संथ वाहतुकीत परिस्थिती वेगळी असते. न्हावाशेवा बंदरातून भिवंडीकडे जाणाऱ्या अवजड ट्रकांमुळे मुंब्रा बायपास आणि कळव्याच्या परिसरात वाहने पुष्कळदा रांगत चालतात. इंजिनावर भार कमी असला तरी समोरून वारा मिळत नाही आणि सर्व भिस्त पंख्यावर येते. वाऱ्यावर अवलंबून असलेला बाह्य कूलर नेमक्या अशा वेळी निष्प्रभ ठरतो. तो रेडिएटरसमोर बसवलेला असल्यास मागील रेडिएटर, इंटरकूलर आणि वातानुकूलनाच्या कंडेन्सरची हवाही अडवतो.

खरा लाभ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीत संभवतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये कमी वेगात, वाळूत किंवा जड ट्रेलर ओढताना मोठी घसर होते आणि ती ऊर्जा थेट तेल तापवते. त्या वेळी इंजिनाच्या पाण्याचे तापमान सामान्य दिसू शकते. थारच्या ६ गतींच्या ऑटोमॅटिक आवृत्तीला किनाऱ्यावरील वाळूत दीर्घकाळ चालवायचे असल्यास गिअरबॉक्ससाठी स्वतंत्र कूलर तर्कसंगत ठरतो. लो-रेंज गिअरचा वापर केल्यानेही घसर कमी होते आणि त्यासाठी काही खर्च येत नाही.

प्रत्येक नवी होज आणि तिचा जोड ही गळतीची नवी जागा असते. इंजिन तेलाची होज चासीवर घासून फुटल्यास तेलाचा दाब काही क्षणांत नाहीसा होतो आणि इंजिन जाम होऊ शकते. म्हणून कूलर घेण्यापूर्वी तेलाचे तापमान दाखवणारा मापक बसवून प्रत्यक्ष नोंद घेणे अधिक उपयुक्त असते. डॅशबोर्डवरील काटा सहसा पाण्याचे तापमान दाखवतो.

बीएस-६ वाहने

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. या वाहनांच्या निष्कास मार्गात ऑक्सिडीकरण उत्प्रेरक आणि काजळी अडवणारा कणगाळक, म्हणजे डीपीएफ, असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी संगणक गाळकाचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा दाबफरक मोजत राहतो. गाळक काढल्यास ही मोजमापे विसंगत होतात. इशाऱ्याचा दिवा लागतो आणि वाहन मर्यादित शक्तीच्या अवस्थेत जाते. त्यावर उपाय म्हणून संगणकाचा नकाशा बदलला जातो, परंतु मग सूक्ष्म काजळी सरळ हवेत जाते. गाळकानंतरचा केवळ शेवटचा सायलेन्सर बदलला तर हा बिघाड सहसा उद्भवत नाही. प्रतिदाबाचा मोठा भाग गाळकातच असल्याने लाभही तितकाच तोकडा राहतो.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास ६ महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० लागू होते. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची आणि ३ महिने अनुज्ञप्ती अपात्र ठरण्याची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. कळव्यातील वाहने ठाणे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या एमएच-०४ क्रमांकाखाली नोंदली जातात. वाहनाची पीयूसी चाचणी धुराची तपासणी करते, आवाजाची नाही. त्यामुळे वैध पीयूसी प्रमाणपत्र हे बदललेल्या सायलेन्सरला मिळालेली मान्यता ठरत नाही.